घर मेव्हण्याच्या नावावर

३ मार्च २००९, मंगळवार

एजंट येऊन गेला. टायची गाठ सैल. बुटांना चिखल, तरी थेट कार्पेटवर. बॉक्सरूमचं, म्हणजे वरच्या सर्वांत लहान खोलीचं, माप त्याने ‘साधारण सात बाय सहा’ असं लिहिलं. मी टेप हातात दिला. लांबी सात फूट दोन इंच. हसून दुरुस्त केलं. मग घराचा आकडा सांगितला. तो मात्र मला दुरुस्त करता आला नाही. दोन लाख पंचेचाळीस हजार पौंड, तेही नशीब असेल तर.

दोन वर्षांपूर्वी याच घराला तीन लाख वीस मोजले होते. बँकेचं कर्ज अजून दोन लाख अठ्ठ्याण्णव. म्हणजे घर विकून नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो तरी बँकेचे पन्नास-एक हजार डोक्यावर राहतात.

वैजयंतीने त्याला चहा-चिवडा दिला. तो गेल्यावर विचारते, “मुलगा बरा होता ना?” जणू स्थळच आलं होतं.

८ मार्च

नीट मांडून ठेवतो.

तिचं स्लाउचं ऑफिस जानेवारीत बंद झालं. हप्ता दोन पगारांवर उभा होता. माझ्या एकट्याच्या पगारात बसत नाही. शिल्लक आहे ती सप्टेंबरपर्यंत पुरेल.

माझी नोकरी म्हणजे माझा सुरक्षा क्लिअरन्स. आमचा माल लष्कराकडे जातो. त्यामुळे दर सात वर्षांनी व्हेटिंगवाले, म्हणजे सरकारी तपासनीस, माणसाचं सगळं आयुष्य उलटं करून झटकून बघतात. माझी पाळी या नोव्हेंबरात. हप्ते थकले, बँकेने घर ताब्यात घेतलं, की क्रेडिट फाइलवर सहा वर्षांचा डाग. डाग दिसला की क्लिअरन्स गेला. आणि क्लिअरन्स गेला की मी कोण? सीताबर्डीवर ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारा, बावन्न वर्षांचा, एकही सर्टिफिकेट नसलेला माणूस. जे येतं ते माझं मी शिकलो. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणी कागदही दिला नाही. क्लिअरन्स हा माझा एकुलता एक कागद.

मार्ग एकच. एकही हप्ता न चुकवता, बँकेची परवानगी काढून, कर्जाहून कमी किमतीत घर विकायचं. उरलेलं थोडं थोडं फेडायचं. मग फाइलवर ‘समजुतीने मिटवलं’ एवढंच येतं. हे मला कुठल्या वकिलाने सांगितलं नाही. मेडनहेडच्या लायब्ररीत बसून काढलं.

२७ मार्च, गुढीपाडवा

बाहेर एजंटाचा ‘विकणे आहे’ बोर्ड. त्याच्या शेजारी गुढी नको म्हटलं. लोकांना वाटेल कशाचा विजय साजरा करतायत. गुढी मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, वॉशिंग मशीनशेजारी उभी केली. वैजयंतीने नैवेद्य दाखवला. हार मात्र वाकडा घातला. मी सरळ केला.

जेवायला नंदू आला, क्रॉयडनहून. हिचा धाकटा भाऊ. अडतीस वर्षांचा, अजून लग्न नाही. दुबईत आठ वर्षं काढली, एमबीए आहे, इथे एका इन्शुरन्स कंपनीत अकाउंट्स बघतो. एवढं शिकून चार्जरची वायर नीट गुंडाळता येत नाही.

नवीन आला तेव्हा आठ महिने आमच्या बॉक्सरूममध्ये होता. मी भाडं घेतलं. हीटिंगचा वाटाही. फुकट राहणारा माणूस कधी शिकत नाही. नियम टाइप करून, लॅमिनेट करून दारामागे लावले होते. बाथरूम साडेसहाच्या आत. हीटिंग नऊला बंद, वाटा वेगळा. खोलीत खायचं नाही. त्यावरून वैजयंतीने चार दिवस अबोला धरला होता.

आज जेवण झाल्यावर वर चक्कर मारून आला. “भावोजी, तुमचा कायदा अजून आहे की दारामागे.”

“काढायला कारण काय? उत्तम कायदा आहे.”

हसला. मीही हसलो.

१४ एप्रिल

कन्झर्व्हेटरी बांधायला काढलेलं कर्ज वेगळं आहे, एकट्या वैजयंतीच्या नावावर. दोन्ही कर्जं ओढणं अशक्य. निर्णय घेतला — हे बुडू द्यायचं. म्हणजे घराच्या कर्जाचा, मॉर्गेजचा, हप्ता वेळेवर जातो आणि माझी फाइल स्वच्छ राहते.

“पण सही माझी आहे,” ती म्हणाली.

“म्हणूनच.”

“नोटिसा माझ्या नावाने येतील.”

“उघडू नकोस.”

“आणि माझी फाइल?”

“तुझ्या फाइलचं तुला काय करायचंय? तुला कोण क्लिअरन्स देणार आहे? चकल्या तळायचा?”

कढई घासत राहिली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. पाणी मीटरवर आहे, याची आठवण करून दिली.

३० मे

वैजयंती मंडळातल्या सुमेधाबरोबर हाय स्ट्रीटवर मोबाइल घ्यायला गेली. महिन्याच्या बिलाचा. काउंटरवरच्या पोराने संगणकात बघितलं आणि सांगितलं, मॅडम, तुमचं क्रेडिट पास होत नाही. मागे रांग. सुमेधा म्हणाली, “थांब वैजू, मी माझ्या नावावर घेते.” ही तशीच परत आली.

मला विचाराल तर पद्धत चोख चालली आहे, याचा हा पुरावा. जिथे लागायला हवं तिथेच लागलं. माझी फाइल परवाच मागवून बघितली. आरशासारखी.

तसं तिला सांगितलंही. म्हणाली, “हो का. छान.” मग मी साधा प्रीपेड फोन आणून दिला. रंग तिला निवडू दिला.

१२ जून

अजून एकच ऑफर. दोन पंधरा. बँकेने नाकारली. दोन चाळीसच्या खाली परवानगी देणार नाहीत. असल्या बाजारात दोन चाळीस देणार कोण?

दाढी करताना उत्तर मिळालं. नंदू.

बँक नात्यातला खरेदीदार चालवत नाही. पण मी टेंभेकर, नंदू काणे. बँकेच्या कागदांवर वैजयंतीसुद्धा टेंभेकरच. नागपुरात साधा तलाठीसुद्धा दुसऱ्या वाक्याला ‘वहिनींचं माहेर कुठलं?’ विचारून मोकळा झाला असता. इथे विचारत नाहीत. बँक खरेदीदार विचारते, माहेर विचारत नाही. व्हेटिंगवाले माहेर विचारतात, खरेदीदार विचारत नाहीत. या दोन खिडक्यांच्या मधून नंदू आरामात जातो.

वीस-बावीस वर्षांत या माहेराचा मला झालेला हा पहिला उपयोग.

२० जून

क्रॉयडनला जाऊन आलो. स्टेशनबाहेर, ट्रॅमच्या आवाजात, कागदी कपातून कॉफी. नंदूसमोर सगळं ठेवलं. घर त्याने दोन बेचाळीसला घ्यायचं. साठ हजार त्याच्या दुबईच्या बचतीतले, बाकीचं मॉर्गेज त्याच्या नावावर. त्याचा हप्ता दरमहा मी गुपचूप भरायचा. आम्ही राहतो तिथेच राहायचं. तीन वर्षांत माझं व्हेटिंग जुनं होतं, बाजार वर येतो, घर त्याच भावाने परत माझ्या नावावर. त्याचे साठ त्याला परत.

“आणि बँकेला कळलं तर, भावोजी?”

“कळणार कसं? तू सांगणार आहेस?”

“ताईला विचारलंत?”

“ताईला काय विचारायचं? तिचंच घर वाचतंय.”

दोन ट्रॅम गेल्या. कपाचं झाकण काढ-घाल करत बसला. मग म्हणाला, “ठीक आहे. ताईसाठी करतो.”

ताईसाठी. असल्या माणसाकडून काम काढणं सर्वांत सोपं.

उठताना विचारतो, “आपल्यात काही लिहून ठेवायचं का?”

“लिहिलं की पुरावा झाला. शब्द पुरे.”

“तुमच्या तोंडून हे ऐकायला मजा वाटते,” म्हणाला. एमबीए. साधी गोष्ट समजावून सांगावी लागते.

११ जुलै

बँकेची परवानगी आली. अटी अपेक्षेप्रमाणे. खरेदीदार दोघांपैकी कोणाच्याही नात्यातला नाही. विक्रीनंतर आम्ही घरात राहणार नाही. दोघांनी तसं लिहून सही करायची.

मी केली. वैजयंतीने चष्मा लावून सगळं वाचलं.

“म्हणजे नंदू माझा कोणी नाही, असं मी लिहून द्यायचं.”

“कागदावर.”

“राखीला बोलवायचं का त्याला? की तेही नात्यात येतं?”

“सही कर. पूर्ण नाव लिही. आणि रेघेच्या वर लिही, रेघेवर नको.”

केली. रेघेच्या वर. ‘व’ नीट आला नाही. चालेल.

२५ सप्टेंबर

सॉलिसिटरचा फोन — झालं. बोर्ड काढून नेला. घर आता माझं नाही आणि मी त्याच खुर्चीत बसून तोच चहा पितो आहे. उरलेल्या कर्जाचं बँकेशी ठरलं, महिन्याला ठरावीक रक्कम. एकही हप्ता चुकला नाही. एकही.

नंदूचा दुबईतला घाम, वैजयंतीची फाइल, आणि माझं डोकं. घर वाचायला तिन्ही लागली, पण पहिली दोन कोणाकडेही असतात.

२८ सप्टेंबर

शेवटचा धागा राहिला होता. जोडीने कर्ज घेतलं की क्रेडिटवाले दोघांच्या फाइली एकमेकींना बांधून ठेवतात. तिच्या फाइलची घाण माझ्या खिडकीतून दिसते. आता मॉर्गेज गेलं, जॉइंट अकाउंटही बंद केलं. क्रेडिटवाल्यांना लिहून दिलं, माझा आणि या बाईचा कोणताही आर्थिक संबंध राहिलेला नाही. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं.

“कोणताच नाही?”

“आर्थिक कोणताच नाही.”

म्हणाली, “एक कॉपी मला द्या.”

दिली. उशिरा का होईना, कागद सांभाळायला शिकते आहे.

१९ ऑक्टोबर, पाडवा

वैजयंतीने ओवाळलं. ताटात वीस पौंड टाकले. निरांजनात तूप जास्त झालं होतं, ते सांगितलं.

२० ऑक्टोबर, भाऊबीज

नंदू ऑफिसातून थेट आला, टाय न काढता. पाट, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. हिने ओवाळलं. त्याने खिशातून किल्ली काढून ताटात ठेवली. आमच्या पुढच्या दाराची. लाल रिबीन बांधलेली.

“ताई, घर तुझं. मॉर्गेज फिटेपर्यंत नाव माझं असेल, पण घर तुझं. मृत्युपत्रही करून ठेवलंय.”

मी हसलो. “सिनेमा पुरे. नंदू, तीन वर्षांनी हे घर माझ्या नावावर येणार आहे.”

“असं कोण म्हणालं, भावोजी?”

“आपलं ठरलंय.”

“कुठे?”

“क्रॉयडनला. स्टेशनबाहेर.”

“मला तिथली कॉफी आठवते,” तो म्हणाला. “लिहिलेलं काही आहे का?”

आवाज चढवला नाही. करंजी खात होता. चुरा सांडू नये म्हणून खाली तळहात धरला होता. तसं धरायला आठ महिने मीच सांगत होतो.

वैजयंतीकडे बघितलं. तिने किल्ली ताटातून उचलली, तिला लागलेलं कुंकू पदराने पुसलं आणि पर्समध्ये टाकली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे हे आजचं नाही. जूनपासून शिजत होतं आणि माझ्या नाकाला वास आला नाही.

२४ ऑक्टोबर

आज स्वयंपाकघरात बोलावलं. मला. तिने.

“नंदूचा हप्ता तुम्ही भरताच आहात. आता त्याला भाडं म्हणायचं. एक तारखेला, माझ्या हातात.”

“माझ्याच घराचं भाडं?”

“घर तुमचं नाही. सॉलिसिटरने फोन करून सांगितलंय. मी शेजारीच उभी होते.”

“बायको नवऱ्याकडून भाडं घेते?”

तिने ती कॉपी काढली. घडी उलगडून टेबलावर ठेवली. “आपला आर्थिक संबंध नाही. ही सही तुमचीच ना? रेघेच्या वर आहे.”

मी म्हणालो, बँकेला सगळं सांगेन. विक्री रद्द होईल, नंदू अडकेल.

“सांगा ना. फोन देऊ? माझा प्रीपेड आहे, पण चालतो.” मग म्हणाली, “नंदूचं मी त्याला विचारलंय. तो म्हणतो, जास्तीत जास्त काय, दुबईला परत जाईन. माझी फाइल तर तुम्हीच पुरली. मला कोण क्लिअरन्स देणार आहे? तुमचं बघा.”

बघितलं. तिन्ही बाजूंनी बघितलं. कुठेच फट नाही. मी बांधलेलं आहे, फट असणार कशी?

“आणि बॉक्सरूम रिकामी आहे,” म्हणाली. “मोठी खोली मला लागेल.”

१ नोव्हेंबर

बॉक्सरूम. सात फूट दोन इंच. पलंग ठेवला की दार पूर्ण उघडत नाही. नंदूने हे कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

भाडं दिलं. मोजून घेतलं. हीटिंगचा वाटा वेगळा मागितला. मी म्हणालो, हा कोणता नियम? तिने नुसतं दारामागे बोट दाखवलं.

सकाळी बाथरूमचं दार वाजवलं तिने. सहा बत्तीस झाले होते.

५ नोव्हेंबर

व्हेटिंग झालं. तीन तास. म्हातारा, सभ्य, निवृत्त फौजी असावा. हॅडली नाव. पैशांचं सगळं विचारलं. मी घर, बाजार, बँकेची परवानगी, हप्त्यांची तारीखवार यादी, सगळं पुढे ठेवलं. खूश झाला. म्हणाला, “इतकं व्यवस्थित आजवर कोणी दाखवलं नव्हतं.” आणि मग, पेनला टोपण लावता लावता, “खरं सांगू? कर्जाने आमचं काही अडत नाही, मिस्टर टेंभेकर. नोकरी गेलेली बायको, पडलेला बाजार, हे कोणालाही होतं. घर बँकेने नेलं असतं आणि तुम्ही सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. आम्ही फक्त लपवाछपवी बघतो.”

पाणी मागितलं मी.

शेवटचा प्रश्न वाचून विचारला. “तुमचं काही गुपित हातात धरून तुमच्यावर दबाव आणू शकेल, असं जगात कोणी आहे?”

“नाही,” म्हणालो.

“घरात? नात्यात?”

“नाही.”

घरी आलो तर मागच्या बागांमधून बॉनफायर नाइटचे फटाके. वैजयंती कन्झर्व्हेटरीत दिवा न लावता बघत बसली होती. “कसं झालं?” तिने विचारलं. मी वर आलो. नियमाप्रमाणे खोलीत खाता येत नाही. जेवलो नाही.

६ नोव्हेंबर

सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं.

२२ नोव्हेंबर

नंदू जेवायला. मोठ्या खोलीला रंग लावायला आला होता. फिकट हिरवा. कोपऱ्यात ब्रशचे फराटे दिसतात, कडा सरळ नाहीत. दारातून दोनदा सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि रेडिओ मोठा केला.

टेबलावर मला ताट होतं. तेवढं आहे अजून. नंदू म्हणाला, “भावोजी, बॉक्सरूममध्ये खिडकीकडे डोकं करून झोपा. दाराकडून वारा येतो.” चेष्टा नव्हती. खरंच सांगत होता. चेष्टा असती तर बरं वाटलं असतं.

९ डिसेंबर

क्लिअरन्स मिळाला. पुढची सात वर्षं.

पत्र वैजयंतीला दाखवलं. दुसरं दाखवणार कोणाला? तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, होती तशी घडी घातली. म्हणाली, “हॅडलींचा मलाही फोन आला होता. मागच्या महिन्यात. अर्धा तास बोलत होते.”

माझा हात टेबलावरच राहिला.

“काय सांगितलंस?”

“हा माणूस कोणापासून काही लपवत नाही, म्हटलं.” तिने पत्र माझ्यासमोर सरकवलं आणि कणीक मळायला घेतली. “अहो, नोकरी गेली असती तर भाडं कोणी दिलं असतं?”